लांगऱ्याचा प्रसंग ठेवावा की काढावा? युद्धसाहित्यातील गोष्टीच्या हेतूविषयी

पारोळा तालुक्यातील एका तरुण वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९७१ साली पूर्व आघाडीवर लढले. आजोबांचे बोलणे हे नातू बऱ्याच दिवसांपासून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करीत आहेत आणि आता त्याचे पुस्तक करावे असा त्यांचा विचार आहे. अडचण अशी, की आजोबा युद्धाचा क्रम सांगतच नाहीत. ते फिरून फिरून दोन प्रसंगांवर येतात. एक, टिपूर चांदण्यात नदी ओलांडल्याचा. दुसरा, पुढच्या मोर्चावर चहा घेऊन येणारा पलटणीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, तोफगोळ्याने मेल्याचा. काकांचे म्हणणे, की लांगऱ्याचे काढून टाक, ढाक्याच्या शरणागतीचे लिही. यावर नातवाचा प्रश्न असा, की इतिहासाची पुस्तके असताना युद्धसाहित्यात गोष्ट सांगण्याचा हेतू तरी काय असतो, आणि गोष्ट केली की युद्ध खोटे किंवा साजरे होऊन बसत नाही का?

मी महाविद्यालयात मराठी शिकवले आणि जळगाव-धुळ्याकडच्या निवृत्त सैनिकांची हस्तलिखिते वाचून त्यांना पुस्तकाचा आकार देण्याचे काम अजूनही करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमची खरी अडचण इतिहास की गोष्ट ही नाही. ही गोष्ट कोणाला सांगायची आहे हे ठरलेले नाही, ही ती अडचण आहे. काकांच्या मनातला ऐकणारा ध्वजवंदनाला जमलेला गाव आहे. आजोबांच्या मनातला ऐकणारा कोण आहे, हे तुम्ही अजून त्यांना विचारलेले दिसत नाही.

हा मुद्दा मला महाभारतावरून उमगत गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. भीष्मपर्वात संजय रणांगणावरून परत येतो आणि प्रथम निकाल सांगतो: भीष्म पडले. बातमी तिथे पूर्ण झालेली असते. तरीही धृतराष्ट्र विचारतो, की ते पडले कसे, आणि मग मागे जाऊन दहा दिवसांचे युद्ध सांगितले जाते. द्रोण, कर्ण, शल्य यांच्या बाबतीतही हीच रीत आहे. आधी मृत्यू, मग त्याची कथा. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता या सांगण्याला लागतच नाही. धृतराष्ट्राला निकाल पुरत नाही, कारण मेलेले त्याचे आहेत आणि युद्धही त्याच्याच घरातून निघालेले आहे. संजय त्याला ते विसरूही देत नाही. तो मधूनमधून थांबून स्पष्टच सांगतो, की हे सारे तुझ्याच अपराधाचे फळ आहे, आता स्थिर होऊन ऐक. युद्धकथेचा मला मान्य असलेला पहिला हेतू हा आहे: जो रणांगणावर नव्हता, पण ज्याचा त्या रणांगणाशी संबंध आहे, त्याला केवळ निकाल ऐकून उठून जाऊ न देणे.

दुसरा हेतू समजण्यासाठी पानिपताकडे जाऊ. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत एका सावकारी पत्रातून समजली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या पत्राचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. बातमी म्हणून या पत्राला तोड नाही. परंतु त्यात एक उतरंडही आहे. मोत्यांची ओळख पटते, मोहरांची संख्या मिळते, आणि खुर्द्यापाशी आल्यावर मोजणाराच हात टेकतो. त्या खुर्द्यात शिपाई होते, त्यांच्यामागचे बुणगे, म्हणजे न लढणारी सोबतची माणसे होती, यात्रेच्या ओढीने सैन्याबरोबर गेलेल्या बायका होत्या. माझ्या मते युद्धाच्या गोष्टीचे काम नेमके इथून सुरू होते. मोजणी जिथे थांबली, तिथून एखादे माणूस उचलून त्याला पूर्ण माणूस म्हणून उभे करणे हे ते काम. तुमच्या आजोबांचा लांगरी हा १९७१ च्या खुर्द्यातला आहे. काका त्याला काढायला सांगतात, तेव्हा ते नकळत त्या सावकारी पत्राच्याच पद्धतीने विचार करीत असतात.

मोजणी आणि माणूस यांतला हा भेद महाभारताच्या स्त्रीपर्वात फार उघडपणे मांडलेला आहे. युद्ध संपल्यावर गांधारी रणभूमी पाहते आणि एकेका प्रेताजवळ थांबून कृष्णाला सांगत जाते: हा दुर्योधन, ही अभिमन्यूजवळ बसलेली उत्तरा, ही भूरिश्रव्याचा तुटलेला हात मांडीवर घेतलेली त्याची पत्नी. त्याच पर्वात पुढे धृतराष्ट्र युधिष्ठिराला मृतांची संख्या विचारतो आणि युधिष्ठिर ती सांगतोही, कोटींच्या घरातली. महाभारत अनेकदा वाचलेल्या माणसालाही तो आकडा सहसा आठवत नाही. मांडीवरचा हात मात्र एकदा वाचला की पुसला जात नाही.

आता इतिहासाच्या बाजूने बोलतो, कारण तुम्ही खान्देशातले आहात आणि आपल्याकडे हा वाद फार मोठ्या माणसाने मांडून ठेवलेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. बखरींतले तपशील त्यांनी पत्रांशी ताडून पाहिले आणि स्थळ, काळ, संख्या यांच्या बाबतीत बखर किती घसरते हे निर्दयपणे दाखवून दिले. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांचे दप्तर त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने धुळ्यातच जपले. पारोळ्याहून धुळे काही लांब नाही. एकदा जाऊन मूळ कागद कसा दिसतो आणि तो किती थोडक्यात बोलतो हे डोळ्यांनी पाहून या. तारीख, ठिकाण, तुकडी, हुकूम या गोष्टींसाठी राजवाड्यांचे म्हणणे आजही शिरसावंद्य मानावे असे माझे मत आहे. परंतु पानिपतच्या छावणीत अन्न संपत आले तेव्हा माणसे एकमेकांशी कशी वागली, हे विचारायला आपण बखरीकडेच वळतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या साधनाकडे मागितले की गोंधळ होतो, एवढेच.

तुमच्या बाबतीत हे कसे वापरायचे ते चांदण्याच्या उदाहरणावरून पाहू. आजोबांचे डिस्चार्ज बुक घरात असेल, पदके असतील. पदकांतला ‘पूर्वी स्टार’ म्हणजे पूर्व आघाडी आणि ‘पश्चिमी स्टार’ म्हणजे पश्चिम आघाडी, इतकी साधी खूण तिथे मिळते. कागद गहाळ झाले असतील तर कोठे अर्ज करायचा, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. त्यानंतर शके १८९३ चे पंचांग पाहा. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झाले तेव्हा मार्गशीर्षातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा अमावास्या तोंडावर आली होती. म्हणजे नदी ओलांडली ती पहिल्या तीन-चार रात्रींत असेल तर टिपूर चांदणे शक्य आहे. दहा तारखेच्या पुढची असेल तर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा आणि अर्ध्याहून कमी होता. हे तपासणे राजवाड्यांच्या पद्धतीचे काम झाले.

पण समजा, चांदणे जुळले नाही, तर ते खोडून टाकावे काय? मी खोडणार नाही. मी आजोबांना विचारीन, की चांदणे होते म्हणजे काय काय दिसत होते? तुमचे हात दिसत होते की पलीकडचा काठ? निवृत्त सैनिकांच्या तोंडून मी असे उजेड पुष्कळ ऐकले आहेत. पुष्कळदा तो उजेड आकाशातला नसतो, ती आपण शत्रूला दिसतो आहोत ही भीती असते. पाण्यात छातीपर्यंत उतरलेल्या आणि डोक्यावर हत्यार धरलेल्या माणसाला ती रात्र उजळ वाटली असेल, तर त्याच्यापुरती ती उजळच होती. पुस्तकात दोन्ही गोष्टी येऊ द्या: आजोबांचे चांदणे त्यांच्या शब्दांत, आणि त्या रात्रीचा चंद्र तुमच्या शब्दांत, शेजारी शेजारी. वाचकाला फसवल्याचा दोष तुमच्याकडे येत नाही आणि आजोबांना खोटे पाडल्याचाही नाही. दोन ध्वनिमुद्रणांत तपशील वेगळे असतील तर त्यांची सरासरी मात्र काढू नका. कोणते सांगणे कोणासमोर झाले होते ते लिहून ठेवा. नातवंडांसमोरचे सांगणे आणि जुन्या पलटणवाल्यासमोरचे सांगणे एक नसते, आणि ते एक नसण्यातच पुष्कळ काही असते.

गोष्ट केली की युद्ध साजरे होते का, या तुमच्या शंकेला होकार आणि नकार दोन्ही द्यावे लागतील. पोवाड्याचा हेतूच मुळी हिंमत देण्याचा आहे आणि त्याबद्दल त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. १६७० सालच्या सिंहगडाच्या लढाईवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला तानाजीचा शेवट ठाऊक असतो. तो पुन्हा ऐकतो ते उठताना छाती भरून यावी म्हणून. घोरपडीची आख्यायिका खरी की खोटी यावर लोक वाद घालतात, पण तो कडा किती अशक्य वाटत होता हे सांगण्याचे काम तिने केलेले असते. तथापि प्रत्येक रूप काही ऐकू शकते आणि काही ऐकू शकत नाही. पोवाड्याला सरदार पेलतो, चहाची किटली घेऊन निघालेला लांगरी पेलत नाही. तुमच्याकडचा मजकूर लांगऱ्याचा आहे आणि काकांना हवे असलेले रूप पोवाड्याचे आहे. ही जोडी जमवायला गेलात, तर लांगऱ्याच्या हातात शेवटी बंदूक द्यावी लागेल. एका हस्तलिखितात मी असे घडलेले पाहिले आहे; घरच्यांच्या आग्रहाखातर साध्या पाणक्याला मरणसमयी घोषणा द्यायला लावली होती, आणि नेमके तेच पान सगळ्या वहीत निर्जीव होते.

घरातल्या माणसांकडून होणारे हे संपादन जगभर चालते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या आठवणी बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी गोळा केल्या. ते पुस्तक १९८५ साली आले आणि पुढे २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलाखतीच्या आदल्या रात्री नवऱ्याने बायकोकडून युद्धाचा इतिहास पाठ करून घेतला, आणि बारीकसारीक सांगत बसू नकोस अशी ताकीद दिली, असा प्रसंग त्यात आहे. अलेक्सिएविच यांना हवे होते ते नेमके बारीकसारीकच. तुमच्या काकांवर माझा राग नाही. आपल्या वडिलांचा मान राहावा असे त्यांना वाटते, आणि शरणागतीचे प्रकरण पुस्तकात यायलाही हवे. सुमारे ९३,००० युद्धकैदी ही लहान गोष्ट नव्हे. फक्त ते तुमच्या शब्दांत, दोन पानांत, माहिती म्हणून येऊ द्या. जे आजोबांनी डोळ्यांनी पाहिले नाही, ते त्यांच्या तोंडी घालू नका.

पूर्व आघाडीवरचाच एक प्रसिद्ध किस्सा इथे उपयोगी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला वेढा पडला असताना ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याविषयी पत्र पाठवले. उत्तर आले त्यात कागदाबरोबर बंदुकीची एक गोळी होती. पहिल्या मराठा बटालियनचा या लढाईत मोठा वाटा होता, त्यामुळे आपल्याकडे हा किस्सा आवडीने सांगितला जातो. दोन अधिकारी, एक पत्र, एक गोळी, असा तो सुबक आहे. परंतु ते पत्र घेऊन शत्रूच्या ठाण्यात एक स्थानिक माणूस गेला होता आणि तोच उत्तर घेऊन परत आला. त्या वाटेवर त्याच्या मनात काय चालले असेल? आपल्याकडच्या सांगण्यात हा प्रश्न फारसा येत नाही. कागदपत्रांना तो विचारता येत नाही आणि पोवाडा त्याच्यासाठी थांबत नाही. तो विचारायला गोष्टच लागते, आणि गोष्ट सांगणाऱ्याने तो विचारला नाही तर ती उणीव सर्वस्वी त्याची असते.

गोष्टीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो सैनिकाच्या स्वतःच्या बाजूचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या हाताखालून जात, त्यामुळे त्यांतले उतारे आज वाचायला मिळतात. गोऱ्या सैनिकांना लाल मिरची आणि हिंदी सैनिकांना काळी मिरी म्हणून, कोणती संपत आली आहे हे गावी कळवलेले त्यांत आहे. पानिपतच्या सावकारी पत्राची आठवण व्हावी असाच हा प्रकार. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९१५ च्या आरंभीचे एका जखमी सैनिकाचे पत्र. हे युद्ध नसून जगाचा अंत आहे, पूर्वजांच्या महाभारतात सांगितले तसे हे आहे, अशा आशयाचे त्याने घरी लिहिले. तोफांच्या तशा माऱ्याला त्याच्याजवळ शब्द नव्हते, घरच्यांजवळ तर नव्हतेच. दोघांच्या ओळखीची एक जुनी कथा होती, तिच्या आधाराने त्याने नवे सांगितले. आजोबा तेच तेच दोन प्रसंग का सांगतात, याचे उत्तर मला इथे दिसते. त्यांच्याकडे या युद्धाचे दोनच धरण्याजोगे कोपरे असतील आणि बाकीचे सगळे त्या दोहोंच्या मधे असेल. तेव्हा क्रमाने सांगा असा आग्रह धरण्यापेक्षा लांगऱ्याच्या प्रसंगाच्या आधी तासभर काय चालले होते आणि नंतर त्या दिवशी जेवण कोणी केले, असे त्याच प्रसंगाला धरून विचारत जा.

ऐकणाऱ्याची जागा किती मोठी असते याचे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यांतले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. अर्जुनाचे रणांगणावरचे मन समजावताना विनोबांनी सुरुवातीलाच एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली आहे. शेकडोंना फाशी देणाऱ्या त्या न्यायाधीशासमोर स्वतःचा मुलगा खुनी म्हणून उभा राहतो, आणि त्याला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. हाच मुद्दा तर्काने मांडला असता तर श्रोता मान डोलावून मोकळा झाला असता; गोष्टीने त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले. आणि लिहून घेणाऱ्याने विनोबांचे बोलणे बोलण्यासारखेच ठेवले, हे तुम्ही आवर्जून पाहावे. आजोबा अहिराणीत बोलत असतील तर त्यांची वाक्ये अहिराणीतच राहू द्या, मधले थांबणे राहू द्या. निवेदन प्रमाण मराठीत करा. सगळे गुळगुळीत केले, की लांगरी मेल्यानंतर आजोबा ज्या वाक्यावर थबकतात ते वाक्यच हरवते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथून ठरवता येणार नाहीत. हे सांगताना आजोबांना त्रास होतो का, त्या रात्री झोप लागते का, हे घरातल्यांनाच ठाऊक. त्रास होत असेल तर थांबा. आहे त्यावर पुस्तक होईल. पुस्तक नात्यागोत्यापुरते काढायचे असेल तर पडताळणी थोडी सैल चालेल. बाजारात आणायचे असेल तर तुकड्यांची नावे, तारखा आणि हुद्दे काटेकोर हवेत, आणि आजोबांनी कोणा अधिकाऱ्याला दोष दिला असेल तर ते मत त्यांचे म्हणूनच छापले जावे. मूळ ध्वनिमुद्रणे कापू-जोडू नका. त्यांच्या प्रती करून दोन ठिकाणी ठेवा आणि तुमचे लेखन वेगळ्या वहीत करा.

शेवटी लांगऱ्याविषयी. पुस्तकाची सुरुवात मी त्याच्यापासून करीन: पहिल्याच वाक्यात तो मेला हे सांगून टाकीन आणि मग मागे जाईन. मात्र त्याआधी त्याचे नाव, गाव आणि घरी कोण होते हे आजोबांना विचारा. गाव आठवले तर पलटणीच्या जुन्या मंडळींकडून त्याच्या घरच्यांचा पत्ता लागू शकेल. तसा तो लागला तर छापण्यापूर्वी ते प्रकरण त्यांना वाचून दाखवा, आणि नाव घालायला त्यांची हरकत असेल तर नाव गाळा, प्रसंग ठेवा. घरी त्याच्या मृत्यूची एका ओळीची तार गेली असेल. चहा पोहोचवण्यासाठी तो कितव्यांदा त्या वाटेने निघाला होता, हे त्यांना कोणी सांगितले असण्याचा संभव कमीच आहे.